ऐकणारा जिल्हा : धाराशिव, आकाशवाणी आणि उलट टपाल

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा पहिली चकमक झडली ती नळदुर्गजवळ. बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि रणगाडे उमरग्याच्या दिशेने पुढे गेले. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातील लोकांनी संस्थानाचा अंत डोळ्यांनी पाहिला, तोही स्वतःच्या शेताच्या बांधावरून. परंतु संस्थान संपले हे अधिकृतपणे सांगितले गेले चार दिवसांनी, आणि तेही हैदराबादेत. १७ सप्टेंबरला निजामाने स्वतः रेडिओ केंद्रावर जाऊन शरणागतीची घोषणा वाचली. ज्या जिल्ह्यात ही घटना घडू लागली, त्या जिल्ह्याला तिची बातमी दूरच्या राजधानीतून, दुसऱ्याच्या आवाजात मिळाली. आमच्या मते या जिल्ह्याचे रेडिओशी जे नाते पुढे अर्धशतकभर राहिले, त्याचा आरंभ इथे शोधता येतो.

मराठी वाङ्मयेतिहासात आकाशवाणी येते ती बहुधा लेखकांच्या नोकरीच्या निमित्ताने. मर्ढेकर आकाशवाणीत होते, पु. ल. देशपांडे होते, मंगेश पाडगावकर होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते. नभोनाट्य, श्रुतिका, भावगीत या प्रकारांची चर्चाही आपण करतो. या सगळ्या चर्चेत बोलणारा दिसतो, ऐकणारा दिसत नाही. ज्याला साक्षर वाचक म्हणता येणार नाही अशा कोट्यवधी माणसांपर्यंत लिखित मराठी पहिल्यांदा पोहोचली ती कानावाटे, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदाचीही धनी नाही. ऐकणाऱ्यांच्या बाजूने हा इतिहास लिहायचा तर पुणे-मुंबई सोडून दूर जावे लागेल. आम्ही धाराशिव निवडला. एक तर तो आमच्या परिचयाचा आहे. शिवाय रेडिओच्या संदर्भात हा जिल्हा नेहमीच कोणाच्या तरी सीमेवर राहिला, आणि सीमेवरून काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, उच्च शिक्षणाचीही उर्दूच. हैदराबादचे दख्खन रेडिओ तीसच्या दशकातले. त्यावर उर्दूचे प्राबल्य, आणि तेलुगू, मराठी, कानडी यांना वेळेचे तुकडे. संस्थानाने औरंगाबादेतही एक केंद्र उभारले होते. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. पैकी हैदराबादचे वाढले. औरंगाबादचे पन्नासच्या दशकातच बंद झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले होते, त्यामुळे मराठी भाषकांची सोय झाली असे दिल्लीच्या नकाशावर तरी दिसत असावे. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि पुणे मुंबई राज्यात. म्हणजे भाषा एका बाजूला आणि राज्य दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत उस्मानाबाद जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत राहिला. ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्याच वर्षीच्या वसंतात पुण्यात जे घडले ते या जिल्ह्याला मिळू शकले नाही.

१९५६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुणे केंद्रावरून दोन मालिका एकाच वेळी चालू होत्या. एक आपणा सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेले 'गीतरामायण' त्या सुमारास संपत आले होते. एप्रिल १९५६ मध्ये त्याची सांगता झाली. गदिमा आणि सुधीर फडके यांच्या त्या कार्यक्रमाविषयी इतके लिहिले गेले आहे, की आम्ही त्यात भर घालण्याचे कारण नाही. दुसरी मालिका मात्र मराठीच्या प्राध्यापकांपैकी फारशा कोणाला आठवत नाही, आणि ती आठवू नये असे काही तिच्यात नव्हते. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला, त्याचे हे कार्यक्रम होते. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १४५ गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ, एक अध्यक्ष, एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची. चर्चेत जे प्रश्न निघतील ते निमंत्रकाने लिहून पुण्याला पाठवायचे. आणि पुढच्या कार्यक्रमात त्या पत्रांना उत्तरे मिळायची.

कॅनडात शेतकऱ्यांची अशी मंडळे चाळीसच्या दशकापासून होती. कल्पना तिथून आली. पण पुण्यात ती राबवणारी माणसे पाहण्यासारखी आहेत. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते. हिंदी नाटकाचे विद्यार्थी त्यांना 'कोणार्क'चा नाटककार म्हणून ओळखतात. प्रयोगाचे मूल्यमापन केले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, आणि त्याची धुरा होती पॉल नॉयराथ यांच्याकडे. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे. १९३८-३९ मध्ये ते दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत होते. सुटून अमेरिकेत गेले आणि छावणीतील समाजव्यवस्था हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला. आज्ञा देणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा अनुभव घेतलेला हा माणूस नगर-नाशिककडच्या खेड्यांत येऊन पाहू लागला, की ध्वनिक्षेपक जेव्हा प्रश्न विचारायला सांगतो तेव्हा काय घडते. हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटतो. माथुर आणि नॉयराथ यांनी मिळून लिहिलेले या प्रयोगावरचे इंग्रजी पुस्तक युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केले.

नॉयराथ यांची पद्धत सोपी होती. मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तिन्ही प्रकारची गावे त्यांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तपासली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. उरलेल्या दोन्ही प्रकारांत ती नगण्य होती. थोडक्यात, नुसता रेडिओ असणे आणि नसणे यांत फारसा फरक नव्हता. ऐकल्यावर माणसे एकत्र बसून बोलली, आणि त्यांचे बोलणे परत केंद्रापर्यंत गेले, तरच फरक पडत होता. सार्वजनिक नभोवाणीविषयी आपल्या देशात यापेक्षा महत्त्वाचा निष्कर्ष क्वचितच निघाला असेल. तो मराठी भाषेत, मराठी खेड्यांत निघाला, याची जाणीव आपल्याला असायला हरकत नव्हती. प्रयोगाला मर्यादाही होत्या. मंडळे मुख्यतः पुरुषांची होती. चावडीवर कोण बसते आणि कोण उभे राहते हा प्रश्न रेडिओ आल्याने सुटत नव्हता. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली, आणि देशभर नेलेल्या योजनांचे जे होते ते तिचेही झाले. संच राहिले, चर्चा थांबली.

आता नकाशा पाहा. अहमदनगर जिल्ह्याची पूर्व सीमा उस्मानाबादच्या भूम-परंड्याला लागते. जामखेडच्या बाजूचा शेतकरी आणि भूमच्या बाजूचा शेतकरी यांच्या बोलीत, पिकांत, पाहुण्या-रावळ्यांत काही अंतर नाही. तरी प्रयोगाच्या पाच जिल्ह्यांत अहमदनगर होता आणि उस्मानाबाद नव्हता, कारण मधल्या रेषेच्या अलीकडे मुंबई राज्य होते व पलीकडे हैदराबाद. बरोबर एकोणीस वर्षांनी हेच दुसऱ्या बाजूने घडले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे त्यात होती. कर्नाटकातून जे जिल्हे निवडले त्यांत गुलबर्गा होता. उमरग्याहून आळंदकडे गेले की गुलबर्गा जिल्हा लागतो. या वेळी रेषेच्या पलीकडे कर्नाटक होते आणि अलीकडे महाराष्ट्र. महाराष्ट्राचा या प्रयोगात समावेश नव्हता. ग्रामीण संज्ञापनाचे देशातले दोन मोठे प्रयोग या जिल्ह्याच्या पश्चिम आणि पूर्व कुंपणाला घासून गेले. यात कोणाचा कट नव्हता. सीमेवरच्या जिल्ह्याला वगळण्यासाठी कट करावा लागत नाही, नकाशावर नेहमीप्रमाणे पट्टी ठेवली तरी पुरते.

मराठवाड्याला स्वतःचे केंद्र पुन्हा मिळाले ते १९६८ साली, परभणीला. चारच वर्षांनी तिथे कृषी विद्यापीठ झाले आणि शेतीच्या कार्यक्रमांना तज्ज्ञांची कमतरता राहिली नाही. मध्यम लहरींवरचे हे केंद्र म्हणजे आमच्या आधीच्या पिढीचा रेडिओ. तेव्हा संचाला परवाना लागे, तो टपाल कचेरीतून काढावा लागे, आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ही भानगड संपली. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी वीज नसलेल्या गावात संच चालवणे म्हणजे अवजड बॅटरी बाजारच्या गावी नेऊन भरून आणणे. ट्रान्झिस्टर आल्यावर सेल पुरले. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालून आणखी दोन दिवस ओढायचे, ही युक्ती या भागातल्या कोणत्याही घरात कोणालाही शिकवावी लागली नाही.

मध्यम लहरी जमिनीला धरून जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार लांब पोहोचतात. त्यामुळे सूर्य मावळला की उस्मानाबाद जिल्ह्यातल्या संचावर हैदराबाद येई, धारवाड येई, गुलबर्गा तर येईच. उमरग्याला परभणीपेक्षा गुलबर्गा कितीतरी जवळ. राज्यपुनर्रचनेने जे तोडले ते रात्री संचाची सुई फिरवताना पुन्हा जोडले जाई. या जिल्ह्याच्या दक्षिण भागात कानडी समजणारी, दख्खनी उर्दू बोलणारी आणि घरात गोरमाटी बोलून बाजारात मराठी बोलणारी माणसे एकाच पारावर बसतात. त्यांच्या कानाला ही सरमिसळ परकी नव्हती. परकी होती ती परभणी-पुण्याची मराठी. इथे गैरसमज नको. ती भाषा वाईट होती असे आम्हांला म्हणायचे नाही. स्वच्छ उच्चार, नेमका वेग, शब्द गिळायचे नाहीत ही शिस्त आकाशवाणीने लावली आणि अनेक शिक्षकांनी आपले वाचन त्या आवाजावर बेतले. पण त्या शिस्तीचा एक परिणाम असाही झाला, की 'रेडिओवर बोलतात तशी' आणि 'आपण बोलतो तशी' अशा दोन मराठी असतात, त्यांपैकी खरी पहिली आणि दुसरी घरच्यापुरती, हे खेड्यातल्या मुलाने शाळेत जाण्याआधीच शिकून घेतले. प्रमाणभाषेच्या प्रसाराचा इतिहास लिहिणारे पाठ्यपुस्तक, छापखाना आणि वर्तमानपत्र यांची नावे घेतात. रेडिओचे घेत नाहीत.

ग्रामीण कार्यक्रमांत बोली येई, नाही असे नाही. दोन-तीन पात्रांच्या संवादातून खताची किंवा कीडनाशकाची माहिती दिली जाई आणि त्यांतला एक जण हटकून अडाणी असे. बोली बोलायची ती त्याने. शहाणा प्रमाण मराठीत उत्तर देई. असे शेकडो संवाद लिहिले गेले असतील; त्यांच्या संहिता मिळाल्या तर बोलीच्या प्रतिष्ठेवर एखादा चांगला प्रबंध होईल. त्या मिळतील अशी खात्री मात्र देता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला त्यात लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. सास्तूर, होळी, पेठसांगवी ही उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे ढिगारा झाली. जग या घटनेला लातूरचा भूकंप किंवा किल्लारीचा भूकंप म्हणते. शास्त्रीय नोंदींतही तेच नाव आहे, आणि केंद्रबिंदू किल्लारीजवळ असल्याने त्यात चूकही काढता येत नाही. तरीही सास्तूरच्या माणसाला आपल्या दुःखाचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला ऐकावा लागला. लातूर हे १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातलेच एक गाव होते, हे इथे आठवले तर गंमत वाटत नाही. या भागातल्या खेड्यांची नावे राष्ट्रीय बातमीपत्रात येण्यासाठी त्यांना असे जमिनीत गडप व्हावे लागले होते.

गावाचे नाव ऐकू येणे ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानत नाही. स्थानिक केंद्रांचे मोल आम्ही ठरवतो तेही यावरूनच. आकाशवाणीने ३० ऑक्टोबर १९८४ ला तमिळनाडूत नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र सुरू केले. राष्ट्रीय, प्रादेशिक आणि त्याखाली स्थानिक अशी तीन पातळ्यांची रचना त्यातून अभिप्रेत होती. बीड, नांदेड, उस्मानाबाद येथील केंद्रे याच योजनेची फळे. एफएम प्रक्षेपक, एक-दोन स्टुडिओ, मोजके अधिकारी आणि कार्यक्रमाचा बराचसा भार वाहणारे नैमित्तिक उद्घोषक. हे उद्घोषक म्हणजे गावातलेच शिक्षक, पदवीधर, गृहिणी, पाळीप्रमाणे मानधन. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. बालाघाटाच्या रांगांसारखा प्रदेश असला की डोंगराआड त्यांची सावली पडते. मध्यम लहरींनी जे दूरचे जग आणून दिले होते ते या केंद्राला शक्य नव्हते. त्याने जवळचे आणले.

फर्माईशीच्या कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात काही दिसणार नाही: एक चित्रपटगीत, आणि त्याआधी नावांची यादी. पण ती यादी ऐकणारा ऐकत असे तो गाण्यासाठी नव्हे. कळंब तालुक्यातले अमुक, वाशीजवळचे तमुक, परंड्याकडची एक वस्ती, नळदुर्गजवळचा एक तांडा. आणि प्रत्येक नावापुढे चार माणसे, त्यांत बहुधा एखाद्या लहान मुलीचे नाव. ज्या गावांना सरकारी कागदात फक्त सातबारावर स्थान होते, ती दिवसाउजेडी मोठ्याने उच्चारली जात. आपल्याकडे नामावळीचे काव्य फार जुने आहे. संतांची, तीर्थांची, नद्यांची नावे एकामागून एक घेण्यातच भक्तीचा अर्थ आहे, हे आपण वर्गात शिकवतो. या फर्माईशीच्या यादीतही तसा काही अर्थ होता असे म्हटले तर कोणी हसेल, हसू दे. ही पत्रे पोस्टकार्डावर येत. मंडळांच्या प्रयोगात १९५६ साली जे उलट टपाल योजनापूर्वक घडवले होते, ते इथे कोणी न घडवता चालू झाले होते. फरक इतकाच, की पाटबंधाऱ्याऐवजी आता गाणे मागितले जात होते.

याच केंद्रांनी लोककलावंतांना माइकसमोर आणले. तुळजापूरमुळे या जिल्ह्यात गोंधळी, आराधी यांची परंपरा दाट आहे. आकाशवाणीची पद्धत अशी, की कलावंताने आधी ध्वनिचाचणी द्यायची, त्यावरून श्रेणी ठरायची आणि मग ठराविक मिनिटांचा कार्यक्रम. ज्या गोंधळाला रात्र लागते तो पंधरा मिनिटांत बसवायचा. देवीला आवाहन झाले, की पुढचे आख्यान वेळेअभावी गाळायचे. समोर यजमान नाही, दिवटी नाही, मध्येच हुंकार देणारे कोणी नाही; काचेपलीकडे एक तंत्रज्ञ बोटाने वेळ दाखवतो आहे. मौखिक परंपरेचे शुद्धतावादी अभ्यासक यावर नाक मुरडतात, आणि त्यांचे म्हणणे अगदी चूक नाही. तरी आम्ही दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या आराधी बाईला तिच्या गावात जोगवा मागणारी म्हणूनच ओळखत, तिला केंद्राकडून करारपत्र आले, धनादेश आला, आणि नावापुढे 'लोककलाकार' असे उच्चारले गेले. हे पंधरा मिनिटांचे मोल कमी नाही. प्रश्न आहे तो या पंधरा मिनिटांचे पुढे काय झाले हा.

चुंबकीय फीत महाग होती, म्हणून ती पुसून पुन्हा वापरली जाई. मोठ्या केंद्रांवर मोठ्या नावांचे मुद्रण जपले गेले. लहान केंद्रांवर लहान नावांचे जपावे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. एका केंद्रात (कोणत्या, हे सांगण्यात अर्थ नाही) आम्ही जुन्या ओव्या आणि गोंधळाच्या फितींविषयी चौकशी केली, तेव्हा तिथल्या वयस्क कर्मचाऱ्याने खेदाने सांगितले, की त्याच फितींवर पुढे निवडणुकीची निवेदने घेतली गेली असतील. त्यांना दोष देता येत नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी गी पॉयतव्हँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभर आयुष्य वेचले, आणि तो संग्रह आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. तशाच ओव्या आकाशवाणीच्या दारी स्वतः चालत आल्या होत्या, ध्वनिमुद्रितही झाल्या होत्या, आणि मराठी विभागांतून त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. यात आम्ही स्वतःलाही धरतो.

सोलापूर-हैदराबाद हा जो रस्ता १९४८ साली फौजांनी धरला होता, त्याच रस्त्याने उमरगा ओलांडून पुढे गेले की बिदर जिल्ह्यानंतर जहीराबाद येते. तिथल्या माचनूर या खेड्यात दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेले 'संघम रेडिओ' आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवण्याची मुभा मिळायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. परवाना नव्हता त्या काळात या स्त्रिया कार्यक्रम मुद्रित करून ध्वनिफिती बैठकीत ऐकवत राहिल्या. १५ ऑक्टोबर २००८ ला केंद्र रीतसर सुरू झाले. ज्वारी-बाजरीचे बियाणे, सणाची गाणी, दुखण्यावरची झाडपाल्याची औषधे, सगळे त्यांच्या तेलुगूत, शहरी तेलुगूत नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी स्त्रियांचे केंद्र सुरू झाले. ही उदाहरणे पाहून काही मंडळी म्हणतात की सरकारी नभोवाणीचा काळ संपला, आता सामुदायिक केंद्रांनीच खेड्यांकडे पाहावे. आम्हांला हे पटत नाही. सामुदायिक केंद्राचा परीघ दहा-पंधरा किलोमीटरचा. पैशासाठी ते देणगीवर अवलंबून. आणि स्वतःच्या बातम्या देण्याची त्याला कायद्याने मनाई. गावातल्या विहिरीवर गाणे म्हणता येईल, पण विहिरीचे अनुदान कोणी खाल्ले याची बातमी सांगता येणार नाही, असा हा प्रकार आहे. एका संपूर्ण जिल्ह्याला एकमेकांचे ऐकवील अशी यंत्रणा आजही आकाशवाणीच्या जिल्हा केंद्राखेरीज दुसरी नाही.

आणि नेमकी तीच आक्रसते आहे. अलीकडच्या वर्षांत मोठ्या केंद्राचा कार्यक्रम लहान केंद्रांनी सहक्षेपित करण्याकडे आकाशवाणीचा कल वाढला आहे. कारणे समजण्यासारखी आहेत: रिक्त जागा, खर्च, मोबाइलमुळे बदललेल्या सवयी. ॲपवर देशभरातली केंद्रे ऐकता येतात, हे खरे. धाराशिवचा मुलगा पुण्यात खोलीवर बसून घरचे केंद्र लावू शकतो. पण त्या केंद्रावर जर पुणे-मुंबईच लागले असेल तर त्याने कशासाठी लावावे? २०२३ साली संस्थेने 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव सोडून सर्वत्र 'आकाशवाणी' एवढेच वापरायचे ठरवले, आणि त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. एकाच वर्षात केंद्राच्या नावातले दोन्ही शब्द बदलले. उद्घोषणेतली ही दुरुस्ती करायला एक दिवस लागला असेल. त्या उद्घोषणेनंतर काय ऐकवायचे, हा प्रश्न नावाने सुटणारा नाही.

नॉयराथ ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी काम करीत होते, तिचे ग्रामीण संकुल ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून तुळजापुरात आहे. १९५६ च्या प्रयोगात वगळलेल्या जिल्ह्यातच. तिथल्या कोणा विद्यार्थ्याने ती जुनी प्रश्नावली काढून आजच्या धाराशिवात पुन्हा विचारावी, असे आमच्या मनात फार दिवस आहे. तोवर आम्ही आमच्या परीने एक लहानसा उद्योग केला. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना सांगितले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना रेडिओवर काय ऐकल्याचे आठवते ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. गीतरामायण येईल असे वाटले होते. ते थोडे आले. कार्यक्रमांची नावे बहुतेकांना आठवत नव्हती. वेळा मात्र पक्क्या होत्या, कारण त्या वेळांवर धारा आणि स्वयंपाक बांधलेले होते. एका मुलीच्या आजीने सांगितलेले तिने असे लिहून आणले: आमच्या गावाचं नाव एकदा लांबच्या टेसनवर आलं होतं, पण त्या बाईनं ते चुकीचं घेतलं. मंग सगळे हसलो. मंग पुन्हा कुणी पत्र टाकलं नाही. इथलं टेसन झालं तवा टाकलं, अन् तिथल्या पोरीनं बराबर घेतलं. तिची मावशी आमच्याच गावात दिलेली होती.